दुसरा उंदीर कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीच्या पहिल्या पानावर एका उंदराचं चित्र होतं. काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी उंदीर आणि त्याच्या उजव्या खांद्यावर लाल-पिवळ्या रंगात पेटलेली गाठ. खाली दोन रकाने मजकूर. स्तनाच्या कर्करोगातल्या ‘हर-टू’ प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड, त्याला जोडलेलं किरणोत्सारी झिर्कोनियम-८९ आणि मग ते शरीरात कुठे साचलं ते दाखवणारा पेट स्कॅन, हे सगळं बातमीत बरोबर लिहिलं होतं. शेवटचं वाक्य मात्र असं होतं, की आता बायोप्सीची गरजच उरणार नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला कराडहून पुतण्याचा फोन आला. माझ्या धाकट्या जावेवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. तिच्या रिपोर्टात ‘हर-टू’पुढे दोन प्लस आलं आहे, म्हणजे धड हो नाही आणि धड नाही नाही. अशा वेळी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर ‘फिश’ नावाची पुढची चाचणी करतात. तिचा निकाल यायचा होता. “काकू, पेपरात आलंय बघा. ही तपासणी मुंबईत कुठं होते? आईला घेऊन आज रात्रीच्याच गाडीनं निघतो.” त्याने कात्रणाचा फोटो पाठवला होता आणि गाठीभोवती पेनाने दोनदा गोल केला होता. मी म्हटलं, बाळा, हे अजून उंदरातलं आहे. आईच्या गाठीचा जो तुकडा काढलाय तोच आत्ता खरं सांगेल, फिशचा रिपोर्ट येऊ दे. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे पेपरात खोटं लिहिलंय का?”

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं मी हेच काम केलं, प्रतिपिंडांना किरणोत्सारी लेबल लावायचं. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. या विषयावर माझा जीव आहे, आणि त्याची बातमी मराठीत पहिल्या पानावर आली याचा आधी आनंदच झाला. आपण छापलेलं चित्र खरं असणार यात मला शंका नाही. पण असल्या प्रयोगात त्या उंदराच्या जोडीला आणखी एक उंदीर असतो. गाठ तीच, वय तेच, इंजेक्शनची वेळ तीच. त्याची गाठ पेटलेली दिसत नाही, किंवा अगदी मंद दिसते. तो आपल्या पानावर नव्हता.

त्याला इतकं महत्त्व का, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

प्रतिपिंड हा एक भलामोठा रेणू आहे. आपल्या शरीरात तो रोगजंतूंना ओळखून चिकटतो. केंब्रिजमध्ये १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचं प्रतिपिंड हवं तेवढं बनवण्याची रीत काढली. त्यासाठी १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून कर्करोगाच्या पेशीवरचं एखादं प्रथिन नेमकं ओळखणारं प्रतिपिंड हाती येऊ लागलं. त्याला किरणोत्सारी अणू जोडला की ते कुठे कुठे जातं हे बाहेरून पाहता येतं. पण रेणू मोठा असल्यामुळे ते रक्तात दिवसेंदिवस फिरत राहतं आणि गाठीत सावकाश झिरपतं. रोजच्या पेट स्कॅनमधल्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, ११० मिनिटांचं. प्रतिपिंड गाठीत पोचेस्तोवर ते संपूनच जाईल. झिर्कोनियम-८९ चं अर्धायुष्य ७८ तासांचं आहे, म्हणून ते या संथ प्रवाशाला साथ देऊ शकतं. आमच्या वेळी आयोडिन-१३१ असायचं, आठ दिवसांचं. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतलं आयोडिन शिशाच्या डबीत बंद होऊन यायचं. डबी दोन्ही हातांनी उचलावी लागे, आणि आत तळाशी जेमतेम थेंबभर पाण्यासारखं काहीतरी.

आता अडचण अशी, की गाठ पेटलेली दिसायला प्रतिपिंडाने गाठीला ओळखलंच पाहिजे असं नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंती गळक्या असतात. रक्तातलं कुठलंही मोठं प्रथिन तिथे पाझरतं आणि साचतं. म्हणजे ज्या प्रतिपिंडाचा कर्करोगाशी काडीचा संबंध नाही, तेही गाठीत थोडंफार दिसतंच. मग जे दिसलं ते ओळखीमुळे की गळतीमुळे? एकट्या उंदराकडे बघून ते कुणालाही सांगता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. १९९८ सालची गोष्ट. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर ‘सीईए’ नावाचं प्रथिन असतं, त्याविरुद्धच्या प्रतिपिंडाला मी आयोडिन-१३१ लावत होते. रीत क्लोरामाइन-टी या रसायनाची. प्रतिपिंड, आयोडिन आणि क्लोरामाइन-टी एकत्र केलं की मिनिटभरात काम होतं, आणि लगेच मेटाबायसल्फाइट घालून ती क्रिया थांबवायची असते. नाही थांबवली तर क्लोरामाइन-टी प्रतिपिंडालाच खाऊ लागतं. त्या दिवशी मी मेटाबायसल्फाइटचं ताजं द्रावण आधी करून ठेवलं नव्हतं. ते वजन करून विरघळवेपर्यंत मिनिटाची पाच-सहा मिनिटं झाली. शुद्धता तपासली तर उत्तम. जवळजवळ सगळं आयोडिन प्रतिपिंडाला चिकटलेलं. पण ही चाचणी एवढंच सांगते की लेबल लागलं आहे. प्रतिपिंडाला अजून ओळख पटते का, हे बघायला ते जिवंत पेशींबरोबर ठेवून किती चिकटतं ते मोजावं लागतं. माझ्या पेशी त्या आठवड्यात तयार नव्हत्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू.

शेपटी दिव्याखाली ऊबवून शिरेतून इंजेक्शन दिलं. अठ्ठेचाळीस तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली उंदीर ठेवला. त्या काळात लहान प्राण्यांसाठीची वेगळी यंत्रं आमच्याकडे नव्हती, माणसांच्याच कॅमेऱ्याला सुईच्या भोकासारखा पिनहोल लावून आम्ही काम भागवत असू. पडद्यावर ठिपका ठिपका जमत गेला आणि दहा मिनिटांत मांडीवरची गाठ स्पष्ट उठून आली. मी फिल्म काढली आणि ती ओली असल्यासारखी दोन बोटांत धरून विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा कपाळावर सारला आणि खूप वेळ पाहिली. म्हणाल्या, “छान आलंय. दुसरा उंदीर कुठे आहे?”

दुसरा नव्हता. पुढच्या आठवड्यात केला. तशीच गाठ असलेल्या उंदराला कशाचीच ओळख नसलेलं साधं ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडासारखंच रक्तातलं प्रथिन, तेच आयोडिन लावून दिलं. त्याचीही गाठ उठून दिसली. गाठी काढून किरणोत्सार मोजणाऱ्या गॅमा काउंटरमध्ये घातल्या तर दोन्हींचे काउंट्स जवळजवळ सारखे. म्हणजे माझं प्रतिपिंड आंधळं झालं होतं, आणि मी गळतीचा फोटो काढला होता. पुढे आयोडोजेन या सौम्य रसायनाने, हलक्या हाताने, पुन्हा लेबल लावलं, या वेळी पेशींवर आधी तपासलं, आणि मग दोन्ही उंदरांत खराखुरा फरक दिसला. मधल्या दोन महिन्यांत जे उंदीर गेले त्यांची संख्या माझ्या वहीत लिहिलेली आहे.

बाईंचा तो प्रश्न काही त्यांचा एकट्यांचा नव्हता. या विद्येच्या आरंभापासून तो विचारला जातो आहे. अमेरिकेत डेव्हिड प्रेसमन यांनी १९४८ साली किरणोत्सारी आयोडिन लावलेली प्रतिपिंडं उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या मूत्रपिंडात जाऊन बसतात हे दाखवलं, आणि नंतर तीच युक्ती गाठींवर वापरली. गळतीचा प्रश्न त्यांनाही पडला. १९५७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडलेबलाची पद्धत मांडली. गाठीचं प्रतिपिंड एका लेबलाने, साधं ग्लोब्युलिन दुसऱ्या लेबलाने, आणि दोन्ही एकाच प्राण्याला. मग गाठीत दोन्ही किती गेली ते वेगवेगळं मोजायचं. सत्तर वर्षांपूर्वी, ना पेट स्कॅन ना संगणक, आणि तरी त्या माणसांना एका आकड्यावर भरवसा ठेवावासा वाटला नाही.

आज बहुतेक जण दुसरा उंदीर वेगळ्या रीतीने करतात. लेबल लावलेलं प्रतिपिंड देण्याआधी लेबल नसलेलं तेच प्रतिपिंड भरपूर प्रमाणात देतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं हे बिनलेबलाचं प्रतिपिंड गाठीवरच्या सगळ्या जागा आधीच धरून ठेवतं. मागून येणाऱ्या किरणोत्सारी प्रतिपिंडाला बसायला जागा राहत नाही आणि गाठ मंद दिसते. तशी मंद झाली तरच म्हणायचं की पहिल्या उंदरात ओळख पटली होती. आणि हे दोन उंदीर कित्येकदा एकाच स्कॅनरमध्ये, एकाच पाळण्यावर, शेजारी-शेजारी निजवलेले असतात. दोघांच्या नाकाशी भुलीच्या वायूची एकेक नळी. चित्र छापायला देताना एका बाजूने कापलं की दुसरा नाहीसा होतो. मूळ शोधनिबंधात तो असणारच, त्याच्याशिवाय परीक्षक असा निबंध सहसा पुढे जाऊ देत नाहीत. वाचकापर्यंत येताना तो वाटेत गळतो.

रंगांविषयीही एक सांगायला हवं. उंदीर आतून लाल-पिवळा नसतो. यंत्राला फक्त आकडे मिळतात, रंग आपण देतो. शेजारची रंगपट्टी किती आकड्यापाशी लाल करायची हे संगणकासमोर बसलेला माणूस ठरवतो. ती मर्यादा खाली ओढली की निरुपद्रवी यकृतही वणव्यासारखं दिसतं, वर नेली की खरी गाठसुद्धा विझते. आपल्या चित्राशेजारी रंगपट्टी नव्हती. ती आणि तिच्यावरचे आकडे असते तर जाणकार वाचकाला निदान अंदाज बांधता आला असता.

त्याच चित्रात उंदराच्या गुडघ्यांवर आणि खांद्याच्या सांध्यांवर फिकट पिवळे ठिपके होते. बातमीत त्यांचा उल्लेख नाही. पुतण्याने तेही विचारलं, “हाडात पण पसरलाय का हो त्या उंदराच्या?” झिर्कोनियम जर प्रतिपिंडापासून सुटलं तर ते हाडांत जाऊन बसतं, उंदराच्या वाढत्या सांध्यांजवळ तर हमखास. तो बहुधा सुटलेल्या लेबलाचा डाग असावा. ज्या घरात कर्करोग आहे तिथे असा ठिपका कुणी दुर्लक्षून पुढे जात नाही. एक ओळ लिहिली असती तर ती शंका आली नसती. आमच्या आयोडिनचीही अशीच खोड होती, सुटलं की थेट थायरॉइडमध्ये. थायरॉइड साध्या आयोडिनने आधीच भरून राहावी म्हणून ॲनिमल हाउसमधले काका प्रयोगाच्या आधीपासून उंदरांच्या पाण्याच्या बाटलीत ल्युगोलचं आयोडिन थेंब-थेंब घालायचे. पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं दिसायचं, आणि कुठली बाटली कुठल्या पिंजऱ्याची हे त्यांना न बघता सांगता यायचं.

आता उंदरातून माणसात. वीस ग्रॅमचा उंदीर आणि साठ किलोची बाई यांच्यात वजनाचा फरक तीन हजार पट आहे. उंदराच्या गाठीत दर ग्रॅमला दिलेल्या डोसाचे दहा-पंधरा टक्के मिळणं ही चांगली गोष्ट मानतात. पण गाठ असते पाव ग्रॅमची, म्हणजे तिथेही बहुतेक डोस इतरत्रच जातो. माणसाच्या गाठीत दर ग्रॅमला एका टक्क्याचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी मिळतो. शिवाय त्या उंदराला प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, म्हणून तर माणसाची गाठ त्याच्या अंगावर रुजते. आणि ‘हर-टू’साठीचं ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड उंदराच्या स्वतःच्या त्या प्रथिनाला ओळखत नाही. म्हणजे त्या उंदरात प्रतिपिंडाला चिकटायला जागा फक्त गाठीवर. माणसात तेच प्रथिन थोड्या प्रमाणात निरोगी अवयवांतही असतं. उंदराचं चित्र इतकं लख्ख दिसतं त्यामागे ही सोय आहे.

याचा अर्थ या कामातून काही निष्पन्न होत नाही असा कुणी घेऊ नये. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला झिर्कोनियम-८९ लावलेलं ट्रास्टुझुमॅब स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. चांगली चित्रं इंजेक्शननंतर चार-पाच दिवसांनी मिळाली, उंदरावरून अपेक्षा होती तसंच. मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या ‘जी-२५०’ प्रतिपिंडाची कथा तर मी नव्या मुलांना नेहमी सांगत असे. त्याची पहिली माहिती १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्याच्याच पुढच्या रूपाला झिर्कोनियम-८९ लावून रुग्णांवर केलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल २०२२ साली आले, आणि मूत्रपिंडातल्या त्या प्रकारच्या गाठी ओळखण्यात ते दर शंभरात सुमारे ८६ वेळा बरोबर ठरलं. मधे छत्तीस वर्षं गेली. पुतण्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायला निघाला होता.

दुसऱ्या उंदराबद्दल मला इतकं वाटतं त्याला आणखी एक कारण आहे. पूर्वी प्रतिपिंड कधी कुठे पोचतं हे बघायला चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर आणि एकशेवीस तासांना पाच-पाच उंदीर मारून त्यांचे अवयव मोजावे लागत. म्हणजे वीस. साध्या ग्लोब्युलिनचे वीस आणि रुमालवाले वीस धरले की साठ. स्कॅनर आल्यावर त्याच पाच उंदरांना चार वेळा भूल देऊन चार वेळा बघता येतं, आणि पंधरात काम होतं. शेवटी त्यांनाही मारून मोजावं लागतंच, कारण चित्राचा आकडा काउंटरच्या आकड्याशी पडताळायचा असतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांची संख्या कमी करण्याचं जे तत्त्व मांडलं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आमच्या एथिक्स कमिटीपुढे दर वेळी विचारलं जायचं, इतके का? त्यांतले निम्म्याहून अधिक उंदीर हे न पेटणारेच असायचे. उत्तराचा अर्धा भाग त्यांच्यामुळे मिळतो, आणि त्यांचा फोटो कुणी छापत नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे. यापुढे असं चित्र छापाल तेव्हा दोन्ही उंदीर छापा. जागा कमी असेल तर पहिला लहान करा, पण दुसरा ठेवा. रंगपट्टी ठेवा. प्रयोग कशात झाला, उंदरात की माणसात, हे मथळ्यातच येऊ दे, नवव्या परिच्छेदात नको. आणि उपचार चालू असलेल्या माणसाने यावरून आत्ता काही बदलायचं नाही, अशी एक ओळ चौकटीत टाका. बायोप्सीविषयीचं ते शेवटचं वाक्य मात्र आपण दुरुस्त करावं, येत्या रविवारीच करावं. ते वाचून कुणीतरी तपासणीची तारीख पुढे ढकलत असेल.

जावेचा फिशचा रिपोर्ट काल आला, पॉझिटिव्ह. ट्रास्टुझुमॅब पुढच्या आठवड्यात सुरू होईल, बिनलेबलाचं, औषध म्हणून. पुतण्याला दोन्ही उंदरांची गोष्ट आता सविस्तर सांगितली आहे.

१९९८ च्या त्या फिल्म्स माझ्याकडे अजून आहेत, चुकलेल्याही आणि नंतर जमलेल्याही, दर वेळी दोन-दोन. आपल्या वार्ताहराला पाहायच्या असतील तर सकाळी अकरानंतर मी घरीच असते. खिडकीच्या उजेडात धरल्या की अजून स्वच्छ दिसतात.

आपली,
एक निवृत्त रेडिओकेमिस्ट, पनवेल
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)